मावशीआजी येणार असेल तरच

लिंत्स, ७ ऑक्टोबर

प्रिय बुर्गल मावशी,

फोन केला की तू "हो हो, पाहुणे आलेत" म्हणून ठेवून देतेस, म्हणून आता आईसारखं पत्रच लिहिते. पत्र निदान पूर्ण वाचावं लागेल.

या हिवाळ्यात आम्हाला तुझ्याकडे स्की करायला यायचंय. आम्ही चौघं: मी, गॉटफ्रीड, दहा वर्षांची आफ्रा आणि पाच वर्षांचा क्साफर. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. व्हिएन्नाची सुट्टी आधी, तुमच्या तिरोलची त्यानंतर, आणि आम्हा लिंत्सवाल्यांचा नंबर नेहमीसारखा शेवटी. तोवर बर्फ उरलं तर आमचं नशीब.

क्साफरची काळजी नाही, त्याला भीती म्हणजे काय हेच ठाऊक नाही. काळजी आफ्राची आहे. गेल्या वर्षी आमच्या इथल्या टेकडीवर ती दांडीच्या लिफ्टवरून मध्येच पडली. तीच ती लिफ्ट, दोघांनी शेजारी उभं राहून मागे आडवी दांडी घ्यायची आणि स्की बर्फावर ठेवूनच वर ओढलं जायचं. ही उठतेय तोवर मागून आलेली रिकामी दांडी हिच्या हेल्मेटवर आदळली. लागलं काही नाही, पण तेव्हापासून पोरीने स्कीला हात लावलेला नाही. पुढच्या हिवाळ्यात शाळेची स्कीची सहल आहे, अख्खा वर्ग आठवडाभर जातो, आणि ती आत्तापासून विचारतेय की डॉक्टर चिठ्ठी देतील का. सगळा वर्ग बर्फात आणि माझी मुलगी एकटी शाळेच्या वाचनालयात, हे मला डोळ्यांपुढे आणवत नाही गं.

तुला त्या डोंगराची खडान्‌खडा माहिती. परवा मी चालवते त्या ट्राममधून शेवटच्या थांब्यावर एक बाई उतरताना बोलत होत्या, तुझ्याच घरी राहून आल्या होत्या. म्हणाल्या, "राग्लबाईंना विचारल्याशिवाय आम्ही डोंगरावर पाऊल टाकत नाही." माझी कॉलर अशी ताठ झाली की पुढची फेरी मी तशीच चालवली. तेव्हा सांग, कुठे जायचं, कधी जायचं, कुठे नाही.

तुझी हेर्मिना


सांक्ट रोमेडी, १६ ऑक्टोबर

हेर्मिना, बाळ,

त्या आठवड्यात घर भरलेलं आहे. कासेलचे डॉक्टर वीगांट आणि त्यांची बायको लग्न झाल्यापासून चार नंबरच्या खोलीत उतरतात, आता त्यांची नातवंडं पाच नंबरमध्ये असतात. खोली बदला म्हटलं तर डॉक्टरांना डॉक्टर बोलवावा लागेल. तेव्हा तुम्ही माळ्यावर. नाक मुरडू नकोस, हिवाळ्यात या खोऱ्यात घरचे माळ्यावरच झोपतात. माझे दोन्ही मुलगे डिसेंबर ते ईस्टर तिथेच वाढले आणि चांगले ताडमाड झाले. छप्पर उतरतं आहे. गॉटफ्रीडला म्हणावं, आधी वाकायचं आणि मग जागं व्हायचं.

आता डोंगराचं. नीट वाच. पहिला दिवस चर्चच्या मागच्या मैदानात. तिथे पोरांसाठी सरकता पट्टा आहे, जादूचा गालिचा म्हणतात त्याला. नुसतं उभं राहायचं, तो वर नेतो. तिथेच लुईसची स्कीची शाळा. लुईस ओरडतो, पण पोरांवर नाही, आईबापांवर. दुसऱ्या दिवशी सूर्यउतार. नाव सूर्यउतार असलं तरी दुपारी दोननंतर ऊन जातं आणि बर्फाची काच होते, म्हणून सकाळीच जायचं. लिफ्टवरून उतरलं की उजवीकडे वळायचं नाही, तिकडून सगळे शहाणे सुसाट येतात. डावीकडून आधी रुंद पठार, मग तीन फरची झाडं, आणि झाडांपुढे लगेच एक उंचवटा आहे जो वरून दिसत नाही. तिथे डाव्या अंगाला राहायचं. मग गवताचं कोठार. तिथे थांबून दम खायचा, कारण पुढचा तुकडा दिसतो त्यापेक्षा उभा आहे, पण रुंद आहे, तिरकं तिरकं गेलं की कळतही नाही.

सूप वरच्या हॉटेलात घ्यायचं नाही, पाणचट असतं. मधल्या झोपडीत घ्यायचं, त्यातले पावाचे गोळे, आपले क्नोडेल, मुठीएवढे असतात. चारला घरी. चारला माझा केक भट्टीतून निघतो, आणि तो गार करणाऱ्याला मी माफ करत नाही.

मावशी


लिंत्स, २५ ऑक्टोबर

मावशी, तुझे हात कुठे आहेत, पापा घ्यायचा आहे!

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. गॉटफ्रीड म्हणाला, ही बाई सैन्यात असती तर आपण एखादं युद्ध जिंकलो असतो. पण आफ्राचं ऐक. ती पत्र घेऊन खोलीत गेली. जेवायच्या वेळी बाहेर आली ती कागदावर चित्र काढूनच. पठार, तीन झाडं, उंचवटा, कोठार. म्हणाली, "मावशीआजीला प्रत्येक उंचवटा माहीत आहे. ती माझ्याबरोबर येणार असेल तर मी जाईन. ती असेल तरच. बाबांबरोबर नाही, लुईसबरोबर नाही."

मी लगेच हो म्हणून टाकलं. गेल्या वर्षभरात ती पहिल्यांदा "जाईन" म्हणाली, मावशी. तळघरातून स्की वर आल्या आहेत. रोज संध्याकाळी ती बूट घालून घरभर ठकठक करत फिरते, खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने छताला काठी मारून झाली. तू फक्त एक सकाळ दे. सूर्यउतारावरून एकदा तिला खाली आण, बास.

हेर्मिना


सांक्ट रोमेडी, ५ नोव्हेंबर

हेर्मिना,

सकाळी मला वेळ कुठला? आठला न्याहारी, मग बिछाने, मग चादरी. त्या आठवड्यात तर श्वास घ्यायलाही पाहुण्यांना विचारावं लागतं. लुईस फार चांगला माणूस आहे, मी त्याला सांगून ठेवते. शिवाय माझा गुडघा. पोरीला म्हणावं, लुईसला डोंगर माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

माळ्यावर नवीन गाद्या टाकल्यात.

मावशी


लिंत्स, १२ नोव्हेंबर

मावशी,

कळलं. मी काही कुक्कुलं बाळ नाही, ओळींमधलं वाचता येतं. गेल्या पत्रात चार पानं आणि या पत्रात चार ओळी. आमची अडचण होत असेल तर सरळ सांगायचं होतंस, आम्ही दुसरीकडे बघितलं असतं. आई म्हणायची, ती खोरं सोडून लिंत्सला आली ते तुला कधी पटलं नाही. तो राग आता माझ्या मुलीवर नको काढूस.

आफ्राला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." स्की स्वतःच तळघरात ठेवून आली. रडली असती तर बरं वाटलं असतं.

हेर्मिना


सांक्ट रोमेडी, १८ नोव्हेंबर

अगं वेडे! ठार वेडे!

तुझ्या आईवर, माझ्या इर्मीवर राग? इर्मी खोरं सोडून गेली तेव्हा मी आठवडाभर रडले, आणि ते रागाने नव्हे. आजही केकमध्ये दालचिनी घालताना तिची आठवण येते, कारण ती नेहमी जास्त घालायची. पुन्हा असं काही लिहिलंस तर लिंत्सला येऊन कान धरीन.

आता ऐक, आणि हसायचं असेल तर आधी बस.

मला स्की येत नाही.

नाही म्हणजे नाही. उभ्या आयुष्यात मी एकदाही पायात स्की घातलेली नाही. सूर्यउतार मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलाय, खालून. आमच्या माहेरच्या शेतावर स्की होत्या, पण त्या भावाच्या. मुलींना घसरगाडी मिळायची, तीही वरून गवत ओढून आणायला. मग कासियनशी लग्न करून या घरात आले आणि पाहुणे सुरू झाले. बर्फ असतं तेव्हा पाहुणे असतात. पाहुणे जातात तेव्हा कुरणात फुलं असतात. मी स्की करणार कधी, जुलैत?

मग मला एवढं कसं माहीत? बूट वाळवायच्या खोलीमुळे. चार वाजता सगळे तिथे येतात, ओले बूट काढतात, आणि बूट काढताना माणसाला बोलायला फार आवडतं. कोण कुठे पडलं, कुठे बर्फ कडक झालंय, कोणाचं पोरगं कुठे रडलं. मी मोजे दोरीवर घालता घालता अडतीस हिवाळे ऐकतेय. दुसऱ्या दिवशी न्याहारीला कोणी विचारलं की सांगते. "मी स्वतः जाते" असं मी कधीच म्हटलेलं नाही, शपथ. पण कोणी विचारलंच नाही गं. तिरोलच्या बाईला स्की येते का, हे कोण विचारतं? मासा पोहतो का असं विचारतं का कोणी? तूही नाही विचारलंस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी भांडी घासताना दोन बश्या फोडल्या. ते "मला वाटलंच होतं" माझ्या कानातून जात नाही. दहा वर्षांच्या पोरीला आत्तापासून सवय व्हायला नको माणसांनी मागे फिरायची. म्हणून मी काल लुईसकडे गेले. म्हटलं, लुईस, मला फेब्रुवारीपर्यंत सूर्यउतारावरून खाली यायचंय. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्याने माझं तोंड बघितलं आणि इतका हसला की खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन हसून आला. मग म्हणाला, "नाताळच्या आधी घर रिकामं असतं ना तुझं? ये."

आफ्राला यातलं काही सांगायचं नाही. तिला एवढंच सांग, मावशीआजी येतेय. स्की वर आण.

मावशी


लिंत्स, २६ नोव्हेंबर

मावशी गं माझी मावशी,

बसून वाचलं ते बरं केलं. आधी हसले, मग रडले, मग गॉटफ्रीडला वाचून दाखवताना पुन्हा दोन्ही. चौसष्टाव्या वर्षी! माझ्या ओळखीत चाळिशीची माणसं आहेत जी नवीन रिमोट शिकत नाहीत. मला तुझा इतका अभिमान वाटतोय की ट्राममध्ये भोंग्यावरून सांगावंसं वाटतं.

मागच्या पत्राबद्दल कान धर, खुशाल धर.

आमचं ठरलंय. त्या आठवड्यात सकाळचं घर आमच्याकडे. गॉटफ्रीड बेकरीवाला, अंधारात उठायची त्याला सवय, न्याहारी तो करेल. बिछाने आणि चादरी मी. डॉक्टर वीगांटना सांग, सरकार बदललंय. आफ्राला निरोप दिला. ती म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. मग ती एकटीच तळघरात गेली, आणि मी जिन्यात उभी राहून स्की वर येण्याचा आवाज ऐकला.

पण मावशी, हाडं सांभाळ.

हेर्मिना


सांक्ट रोमेडी, १४ जानेवारी

हेर्मिना,

हाडं जागेवर आहेत, रंग बदललाय. डावी मांडी निळी आणि पिवळी, एखाद्या देशाच्या झेंड्यासारखी.

मी जादूच्या गालिच्यावर शिकतेय, पाच वर्षांच्या पोरांबरोबर. स्कीची टोकं पुढे जुळवायची, मागे पाय फाकवायचे, म्हणजे वेग कमी होतो. पोरांना कळावं म्हणून त्याला पिझ्झा म्हणतात. अख्खं मैदान मला ओरडून सांगतं, "पिझ्झा कर, बुर्गल, पिझ्झा!" अगं, तू म्हणतात मला. डोंगरावर सगळे सगळ्यांना तूच म्हणतात, हे मी ऐकून होते, पण साल्झबुर्गच्या न्यायाधीशाच्या पाच वर्षांच्या मुलीने "बुर्गल, तुझं नाक वाहतंय" म्हटलं तेव्हा पहिल्यांदा कळलं. मला आवडलं. खाली सगळ्यांची मी राग्लबाई. घरात बुर्गल म्हणणारं आता राहिलंय कोण?

वळायला येतं. थांबायलाही येतं, बहुतेक वेळा. परवा कुंपण आडवं आलं. पण सूर्यउतारावर नेणारी दांडीची लिफ्ट अजून केलेली नाही. लुईस म्हणतो, आज करू. मी म्हणते, उद्या. खरं सांगू? मला तिची आफ्राइतकीच धास्ती आहे. खाली उभी राहून मी त्या दांड्या एकामागून एक वर जाताना बघते आणि परत गालिच्याकडे वळते. आता नाताळनंतरची सवडही संपली, पाहुणे आले, "उद्या" म्हणायला दिवस उरले नाहीत. तेव्हा पहिल्यांदा वर जाईन ती तिच्याबरोबरच. देव करो आणि पोरीला कळू नये.

मावशी


लिंत्स, २ मार्च

प्रिय मावशी,

सुखरूप पोचलो. क्साफर प्रवासभर लुईसची नक्कल करत होता, शेजारच्या डब्यातून माणसं बघायला आली.

मला आधी हे लिहायचंय. एक आठवडा मी तुझं काम केलं, तेही अर्धंच, आणि संध्याकाळी जिना चढताना कठडा धरत होते. तू हे अडतीस हिवाळे केलंस आणि शिवाय रोज केक. वर प्रत्येकाला वाटायचं की बाई फक्त त्याचीच वाट बघत होत्या. आईबरोबर आम्ही यायचो तेव्हा मला वाटायचं, मावशी आपली घरात असते. काय डोळे होते माझे! गॉटफ्रीड मात्र फुशारलाय. डॉक्टर वीगांट त्याला म्हणाले म्हणे, "अंडं चांगलं होतं, पण राग्लबाई ते न मागता देतात." त्याने फक्त पहिला भाग लक्षात ठेवलाय.

आता बातमी. काल आफ्राने शाळेच्या सहलीच्या यादीत स्वतःहून नाव दिलं. मला शिक्षिकेकडून कळलं! घरी येऊन मी तिला मिठी मारली तर म्हणते, "आई, एवढं काय त्यात."

मावशी, त्या मंगळवारी वर झालं तरी काय? तुम्ही दोघी दुपारी आलात त्या नखशिखांत भिजून, केसांत बर्फ, आणि हसत. मी तेव्हा सूपमध्ये अडकलेली. आफ्राला विचारलं तर "ते आमचं आहे, हवं तर मावशीआजीला विचार." म्हणून विचारतेय.

तुझी हेर्मिना


सांक्ट रोमेडी, ९ मार्च

हेर्मिना, बाळ,

तिने परवानगी दिली आहे तर सांगते.

दांडीच्या लिफ्टपाशी आम्ही दोघी उभ्या राहिलो. तिचे ओठ पांढरे. माझेही असणार, पण मी लोकरी पट्टा नाकापर्यंत ओढला होता. दांडी आली, तिच्या कमरेला लागली आणि माझ्या मांड्यांना, कारण ती एवढीशी आणि मी अशी. ओढायला लागली. ती पुटपुटत होती, "सरळ बघायचं, सरळ बघायचं." मी पण मनात तेच म्हणत होते.

आणि मी सरळ बघितलं नाही. अर्ध्या वाटेवर झाडी संपते आणि एकदम सगळं खोरं खाली उघडतं. मी मान वळवली. इतकं सुंदर असेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं गं. वाळवायच्या खोलीत सगळे पडझडच सांगतात. चर्च, ओढा, छपरांवर जाड बर्फ. एका घराच्या सज्जावर पांघरुणं वाळत टाकलेली, वाकडीतिकडी. मी म्हटलं, "बघ तरी, कसली माणसं, पांघरूण सरळ टाकता येत नाही. कोणाचं गं ते घर?"

आफ्रा म्हणाली, "मावशीआजी, ते तुझं घर आहे."

मी बघत राहिले. माझंच. हिरवा सज्जा, धुराडं, सगळं. वरून मी ते कधी बघितलंच नव्हतं. (आणि पांघरुणं तू टाकली होतीस.) डोळे भरून आले आणि नेमकी तेव्हा माझी स्की तिच्या स्कीवर चढली. मी आडवी, आणि पडताना तिची बाही धरली, म्हणून तीही आडवी. दोघी लिफ्टच्या वाटेत, बर्फात, एकमेकींच्या पायांत पाय.

मी तिथे पडल्या पडल्या एकच विचार केला, संपलं, आता ही पोर जन्मात वर येणार नाही, आणि ते माझ्यामुळे. तोच ती ओरडली, "सरक! मागून दांडी येतेय!" आणि तिने माझी कॉलर धरून मला ओढलं. त्या एवढ्याशा पोरीने. पोत्यासारखी बाजूला ओढली मला. दांडी आमच्या शेजारून रिकामीच गेली. आफ्राने दांडीकडे बघितलंसुद्धा नाही, ती मला बघत होती, मी बरी आहे ना म्हणून.

मग म्हणाली, "तू इथे कधी आलीच नव्हतीस ना?"

मी म्हटलं, नाही. मला येत नाही, मी डिसेंबरपासून तुझ्यासाठी शिकतेय आणि मला फार भीती वाटतेय. आणि मी रडले, चांगली हुंदके देऊन. तेवढ्यात डॉक्टर वीगांट तिथे येऊन थांबले, ते आणि त्यांचे लाल कान. "बुर्गल! तुला मदत हवी का?" मी म्हटलं, "नको, तू जा पुढे." हेर्मिना, डॉक्टर वीगांटना मी तू म्हटलं! ते गेले आणि आफ्राला हसू फुटलं. मग मलाही.

हसून झाल्यावर ती उठली, अंग झाडलं आणि म्हणाली, "मी पुढे जाते. तू माझ्या मागे ये. पण तू सांग, पुढे काय आहे ते."

लिफ्टच्या वाटेवरून आडवं जाऊन आम्ही उतारावर आलो, पठार वरच राहिलं, आणि मी सांगत गेले. मागून, ओरडून. "आता तीन झाडं! आता उंचवटा आहे, दिसणार नाही, डावीकडे राहा!" आणि तो होता, अगदी तिथेच होता, ती डावीकडून गेली आणि तिच्या मागून मी. "कोठार! थांब!" आम्ही थांबलो, दम खाल्ला. "आता उभा तुकडा, तिरकं जा, तिरकं!" ती माझ्याकडे वळून ओरडत होती, "पिझ्झा, मावशीआजी, पिझ्झा!" लोकांनी ऐकलं असेल तर त्यांना वाटलं असेल की दोघींना भूक लागलीये. अशा आम्ही खाली आलो. मी दोनदा बसले. ती एकदाही पडली नाही.

खाली लिफ्टवाला पेपी त्याच्या खोक्यातून बाहेर आला. जन्मभराचा शेजारी, पण मला स्कीवर बघून त्याच्या तोंडातली विडी पडली. म्हणाला, "बुर्गल, तू? इथे? हे काय, नात घेऊन आलीस होय स्की शिकवायला?"

मी तोंड उघडायच्या आत आफ्रा म्हणाली, "नाही. मी हिला घेऊन आलेय." आणि माझी बाही धरून मला पुन्हा लिफ्टच्या रांगेत उभी केली.

तुझी मावशी